मागच्या खोलीतली चूल

लहान मुलाचं बोट टोचायचं असलं की ठमी आधी स्वतःचं बोट टोचायची. पोर आईच्या पाठीमागे दडलं, हातपाय झाडायला लागलं, की ती उंबऱ्यावरच मांडी ठोकून बसायची, पिशवीतून मलेरिया तपासायचं किट काढायची आणि म्हणायची, "आधी माझी पाळी. मी रडले तर मला हसायचं, बरं का." मग बोटाला टोचून रक्ताचा थेंब किटच्या छोट्या खिडकीत सोडायचा, वर बाटलीतल्या पाण्याचे थेंब घालायचे आणि दोघांनी मिळून रेघ उमटायची वाट बघायची. एक रेघ उमटली म्हणजे किट नीट चाललंय, आजार नाही. शेजारी दुसरी उमटली म्हणजे मलेरिया. ठमीला नेहमी एकच रेघ यायची. तोवर पोराची भीती मोडलेली असायची आणि ते आपणहून बोट पुढे करायचं.

या खेळाला ती मुदत संपलेली किट वापरायची. ताजी किट लोकांसाठी, शिळी आपल्यासाठी.

त्या दिवशी वरच्या वस्तीत पुढचे दात पडलेली एक मुलगी होती. दोघींची किट उंबऱ्यावर शेजारी शेजारी ठेवलेली. मुलगी वाकून बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "ताई, तुला दोन आल्या. मला एकच."

"बघू?"

"मी जिंकले ना?"

"जिंकलीस," ठमी म्हणाली. तिने दोन्ही किट उचलली, मुलीच्या आईला काय ते सांगितलं आणि पदर खोचून उतार उतरायला लागली. तिला सातवा महिना लागला होता. एरवी ती वाटेत कुणाकुणाशी दोन शब्द बोलायला थांबायची, त्या दिवशी थांबली नाही. तडक आरोग्यकेंद्रात, बापाच्या टेबलाशी आली.

बापाला सगळे काचेकाका म्हणायचे. केंद्राच्या मागच्या अंगाला खिडकीपाशी त्यांचं टेबल होतं आणि टेबलावर सूक्ष्मदर्शक. तापकऱ्याच्या बोटाचं रक्त काचेवर घ्यायचं, एका टोकाला जाड ठिपका, दुसऱ्या टोकाला पातळ थर. ते सुकू द्यायचं, रंगवायचं, धुवायचं, मग वर तेलाचा थेंब सोडून भिंगाखाली सरकवायचं आणि बघत बसायचं. उभा जन्म त्यांनी हेच केलं होतं. बोटांची टोकं रंगाने कायमची जांभळी झालेली. काकू म्हणजे त्यांची बायको. ती म्हणायची, "यांना कधी चोरी करता यायची नाही, बोटंच साक्ष देतील."

मलेरियाचा जंतू कसा दिसतो असं कुणी विचारलं की काका म्हणायचे, "तांबड्या पेशीत बारीकशी अंगठी. अंगठीला खडा. एकदा ओळख पटली की गर्दीतही चुकत नाही." आणि ते खरं होतं. फक्त गर्दीत एखादीच अंगठी असली, रंग नीट धुतला गेला नसला किंवा दिवसअखेर डोळे शिणले असले, तर तीही निसटू शकते, हे ते मनात जाणून होते. मोठ्याने म्हणायचे नाहीत, इतकंच.

किट आली तेव्हा ठमीला नोकरी लागली. किटच्या पिशव्या घेऊन वस्त्या-वस्त्यांवर फिरायची. वरून हुकूम असा, की ज्याचं किट करायचं त्याची काचही घ्यायची आणि दोन्ही ताडून बघायची. किट कितपत खरं बोलतं ते कळायला हवं. दोघांचं पटलं नाही तर काचेचा शब्द शेवटचा. त्यामुळे रोज जेवताना बापलेकीची जुंपायची.

"बाबा, तुमची काच वरच्या वस्तीतून खाली येईपर्यंत तापकरी आडवा होतो. माझं किट उंबऱ्यावर सांगतं."

"सांगतं गं. पण काय सांगतं? मागे तो गवंडी बरा होऊन कामावर लागला, तरी तुझं किट दोन रेघा दाखवत होतं की नाही?"

"दाखवत होतं."

"का? कारण तुझं किट धुराचा वास घेतं. चूल विझली, राख थंड झाली, तरी घराला धुराचा वास राहतो की नाही? तसं जंतू मेला तरी त्याने रक्तात सोडलेलं काहीबाही कित्येक आठवडे राहतं. तुझं किट तेवढं हुंगतं आणि म्हणतं, चूल पेटलीय. माझी काच आत जाऊन चूल बघते."

"आणि तुमची काच बघता बघता डुलकी घेते त्याचं काय?"

"ते बघ, बोलली. बापावर गेलीय."

काकू ताट सरकवायची. "जेवा आधी. तुमची काच, तिचं किट, आणि मध्ये माझी भाजी गार."

म्हणून त्या दिवशी ठमीने दोन रेघांचं किट टेबलावर ठेवलं, तेव्हा काकांनी आधी त्याची पाठ बघितली. "शिळं आहे हे. शिळ्या किटवर कसला भरवसा?"

"म्हणूनच आलेय. ताजं करू या."

ताज्या किटवर पहिली रेघ ठसठशीत आली. दुसरी येते की नाही असं वाटत राहिलं. मग उजेडाकडे तिरकं धरल्यावर दिसली. फिकट, पाण्यात भिजलेल्या दोऱ्यासारखी. पण होती.

"ताप?" काकांनी विचारलं.

"नाही."

"थंडी, डोकं?"

"नाही हो. दम लागतो चढताना, पण तो पोटामुळे. मध्ये दोन संध्याकाळी अंग कोमट वाटलं होतं, तेवढंच."

"तेव्हा का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर आईने पिशवी कुलपात ठेवली असती."

काकांनी तिचं बोट हातात घेतलं. हजारो बोटं टोचलेला माणूस, पण या बोटाशी जरा घुटमळला. "टोचा की," ठमी म्हणाली, "की आधी तुमचं टोचू?"

काच रंगवून झाल्यावर ते भिंगाशी बसले. ठमी शेजारच्या बाकावर पाय लांब करून बसली. काका काच पुढे सरकवत गेले, मागे आणत गेले, एकेक जागा सावकाश. एवढ्या सावकाश त्यांनी परक्याची काच कधी बघितली नसेल. पेशी होत्या, त्यांच्यात फिक्या पडलेल्या बऱ्याच होत्या, पण अंगठी कुठेच नव्हती.

"नाही," ते म्हणाले.

ठमीने डोळे मिटून घेतले. लहानपणी तिला ताप चढला की हेच व्हायचं. काका घरी येऊन तिच्या बोटातून थेंब न्यायचे आणि परत येऊन दारातूनच म्हणायचे, नाही. मग ती झोपून जायची. ताप उतरलेला नसायचा, तरी झोपून जायची.

"म्हणजे धूर," ती म्हणाली.

"धूर," काका म्हणाले. आणि त्यांनाही बरं वाटलं.

पण केंद्राच्या डॉक्टरबाईंना बरं वाटलं नाही. त्या काही महिन्यांपूर्वीच इथे आल्या होत्या. कमी बोलायच्या, पण एकदा हातात घेतलेला माणूस सोडायच्या नाहीत. त्यांनी ठमीच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली, रक्त किती आहे ते मोजून घेतलं. कमी होतं. चांगलंच कमी होतं. मग त्या काकांच्या टेबलाशी येऊन स्टुलावर बसल्या.

"काका, तुमच्या चुलीची गोष्ट मला आवडते. मी ती सगळ्यांना सांगते."

"वा. म्हणजे आता काहीतरी खोट काढणार."

"खोट नाही. एक विचारू? ठमीला गेल्या दोन-चार महिन्यांत मलेरियाचं औषध दिलं होतं?"

"नाही."

"मग चूल विझवली कुणी?"

काका भिंगाचं चाक उगाच फिरवत राहिले.

"आपोआप विझली असेल, तेही होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण हे बघा. घराच्या पुढच्या खोलीत उभं राहून तुम्ही सांगता की चूल नाही. बरोबर आहे, पुढच्या खोलीत नाहीच. पण चूल मागच्या खोलीत असली तर? धूर पुढे येणार, वास येणार, आणि चूल दिसणार नाही."

"बाईच्या अंगात कुठली मागची खोली?"

"पोटुशीच्या अंगात असते. बाळाची वार. हा जंतू वारेत जाऊन चिकटून बसतो. तिथे आईचं रक्त पितो, बाळाचा वाटा खातो. बोटातल्या रक्तात फारसा येतच नाही. आई इथलीच, इथल्या तापांना सरावलेली असली तर तिला ताप पण येत नाही. नुसतं रक्त कमी होत जातं. अशा बाईची काच स्वच्छ आणि किट दोन रेघांचं, असं पुष्कळदा होतं."

"पुष्कळदा म्हणजे नेहमी नाही."

"नेहमी नाही. ठमीचं तसं आहे असं मी छातीठोक सांगू शकत नाही. बाळ बाहेर येईपर्यंत ते कुणीच सांगू शकणार नाही. पण सातव्या महिन्यात या गोळ्यांचा बाळाला धोका नाही. जंतूचा आहे. बाळ अशक्त होतं, वेळेआधी येतं, कधी..." त्या थांबल्या. "तुम्हाला माहीत आहे."

काकांना माहीत होतं. ठमीचं याआधीचं पोट चौथ्या महिन्यात पडलं होतं. तेव्हा तिची दाढ दुखत होती म्हणून तिने आदल्या दिवशी एक गोळी घेतली होती. त्या गोळीने काही झालेलं नाही, असं चार जणांनी तिला सांगितलं. ती मान हलवायची. पण तेव्हापासून या खेपेला तिने डोकेदुखीचीही गोळी तोंडात घातली नव्हती.

"तिला सांगितलंत?" काकांनी विचारलं.

"सांगितलं. सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाली, बाबांच्या काचेत नाही ना, मग मी गोळ्या घेणार नाही. इथला नियम तोच आहे, काचेचा शब्द शेवटचा. नियम मी बाजूला ठेवेन, त्याचं काही नाही. पण तोंड तर तिचं आहे." डॉक्टरबाई उठल्या. "काका, ती माझं ऐकते, पण मानते तुमचं."

घरी हे कळल्यावर काकू धुतलेले कपडे घडी करत बसली. मग म्हणाली, "इतकी वर्षं तुमची काच आणि तिचं किट भांडतंय, मी हसत होते. आता त्यांच्या मध्ये माझी पोर उभी आहे. काय करायचं ते करा. पण लवकर करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी ठमीला पुन्हा बोलावलं आणि काच घेतली. संध्याकाळी आणखी एक. ती कुरकुरली नाही. उलट तिला बरंच वाटलं, बाबा बघताहेत म्हणून. दरवेळी ती बाकावर बसून राहायची आणि दरवेळी काका मान हलवायचे.

पण आत काहीतरी उलटं झालं होतं. आजवर आपल्या माणसाची काच बघताना ते मनात म्हणायचे, नसू दे. आता ते अंगठी शोधत होते. एक सापडू दे. एकच. मग पोरीला इथे बसवीन, भिंगाला तिचा डोळा लावीन आणि म्हणेन, बघ. हातच्या काकणाला आरसा कशाला? मग बोलायलाच नको. जो जंतू सापडू नये म्हणून लोक हात जोडून उभे राहतात, त्याची हा बाप आर्जवं करत होता.

तिसऱ्या काचेवर, अगदी कडेला, त्यांना ती दिसली. बारीकशी, गोल, एका बाजूला गडद खडा. तोंडात "ठमे" आलं होतं. पण सवयीने बोटं चाकावर गेली, भिंग केसभर वर घेतलं, केसभर खाली. पेशी धूसर झाली तरी अंगठी तशीच लख्ख. म्हणजे पेशीत नव्हतीच, पेशीच्या वर पडली होती. रंगाचा कण. नवख्यांना फसवतो तो हाच.

ते मागे टेकले. बाकावर ठमी सुपारीएवढ्या लोकरीच्या गुंड्याशी झगडत टोपडं विणत होती. ते टोपडं कुणाच्याही डोक्यावर बसलं नसतं.

आणि मग तो विचार आला. कुणाला कळणार आहे? या केंद्रात ही काच वाचणारं दुसरं कोण आहे? आपण म्हणालो, सापडला, की संपलं. पोरगी आत्ता उठेल, गोळ्या घेईल. एका रंगाच्या कणाला अंगठी म्हटलं तर कुणाचं नुकसान आहे? उलट भलंच. विचार असा गोड होता, की काकांनी तो दोन-तीनदा जिभेवर घोळवला.

"काय हो?" ठमीने मान वर केली. "आहे का काही?"

ती विचारत होती, पण चेहऱ्यावर भीती नव्हती. बाबा जे म्हणतील ते ती तिथल्या तिथे मानणार होती. हो म्हटलं तरी आणि नाही म्हटलं तरी. काकांना ते दिसलं आणि तो गोड विचार त्यांच्या जिभेवर कडू झाला. या पोरीने ज्या शब्दावर डोळे मिटून भरवसा ठेवला, त्यात आज खोटं मिसळायचं, तेही तिच्याच भल्यासाठी? मग उद्या खरंच "नाही" म्हणायची वेळ आली, तर आपल्यालाच आपला शब्द कसा ओळखू येणार?

"घाण आहे रंगाची," ते म्हणाले. "चल, तुला घरापर्यंत सोडतो."

ठमीचं घर केंद्रापासून लांब नव्हतं. तिचा नवरा मालगाडीवर ड्रायव्हर, दोन दिवस घरी, बाकीचे बाहेर. पायरीवर ऊन होतं. दोघं पायरीवर बसली.

"ठमे, काचेत काही नाही."

"कळलं की."

"आणि तरी तू गोळ्या घ्याव्यास असं मला वाटतं."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग हसली. "डॉक्टरबाईंनी पढवून पाठवलं."

"पढवलं. पण मी काही पोपट नाही. त्या म्हणतात ते मला पटलं. मी पुढची खोली बघितली, तीनदा बघितली. मागच्या खोलीत माझं भिंग जात नाही. तिथे काय आहे मला माहीत नाही."

"तुम्हाला माहीत नाही?"

"नाही."

हे ऐकून तिचा चेहरा बदलला. पाय जवळ ओढून घेतले. "मग मी कुणाला विचारू?"

काका म्हणाले, "मला एक सांग. वरच्या वस्तीत त्या सुताराच्या सुनेचं किट दोन रेघांचं आलं होतं, ती पण पोटुशी होती. तिला काय सांगितलंस?"

"ते वेगळं होतं. तिला ताप होता."

"काय सांगितलंस ते सांग."

ठमी पायरीच्या कडेला नखाने ओरखडे काढत राहिली. "सांगितलं की गोळ्यांनी बाळाला काही होत नाही. न घेतल्याने होतं."

"तिने घेतल्या?"

"घेत नव्हती. सासू ओरडत होती, ती रडत होती. मग मी तिथेच बसले. म्हटलं, तू घेतल्याशिवाय मी उठत नाही, माझे पाय सुजलेत, तुलाच चेपावे लागतील." तिला हसू आलं आणि ते अर्ध्यातच गेलं. "घेतल्या मग."

"खोटं सांगितलंस का तिला?"

"नाही."

"मग तुझं किट लोकांपुरतं खरं आणि तुझ्यापुरतं खोटं, असं कसं?"

"लोकांचं बाळ आधी गेलेलं नसतं, बाबा." ती हळूच बोलली. रडली नाही. "मला माहीत आहे दाढेच्या गोळीने नाही गेलं. मी शिकलेय हे सगळं, दुसऱ्यांना शिकवते. पण गोळी हातात घेतली की हात उघडत नाही. तुम्ही नाही म्हणालात तेव्हा मला वाटलं, सुटले. माझी इच्छा होती म्हणूनच मी तुमच्या काचेचं मानलं. एरवी मी कुठे मानते?"

"माझीही इच्छा होती," काका म्हणाले. "म्हणूनच मी एवढ्या लवकर धूर म्हणालो."

समोरून एक सायकल खडखडत गेली. सायकलवाल्याने हात वर केला, दोघांनीही केला.

"पाय सुजलेत का तुमचे?" ठमीने विचारलं.

"का?"

"तुम्ही उठला नाहीत म्हणून."

"गुडघे धरलेत. पण मीही बसलोय तसाच. उठणार नाही."

तिने पिशवीतून पाकीट काढलं. डॉक्टरबाईंनी ते तिच्याकडे देऊन ठेवलं होतं, तिने परत केलेलं नव्हतं. काका आतून पाण्याचा पेला घेऊन आले, म्हणजे उठावं लागलंच. ठमीने गोळ्या तळहातावर घेतल्या आणि मूठ मिटली. काकांनी ती मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली. उघडली नाही, नुसती धरून ठेवली. कितीतरी वेळाने मूठ आपोआप सैल झाली.

"कडू आहेत," ती पाणी पिऊन म्हणाली.

"तू लोकांना गोड म्हणून सांगतेस?"

"लहान पोरांना सांगते. बिचारी पोरं."

पुढच्या प्रत्येक वेळेच्या गोळीला काका पायरीवर हजर होते. एकदा काकू आली आणि म्हणाली, "आज यांना सुट्टी, आज माझी पाळी." गोळ्या संपल्या. काही झालं नाही. ठमी रोज रात्री पोटावर हात ठेवून झोपायची आणि सकाळी आईला सांगायची, लाथा मारतंय. हळूहळू नखांना रंग आला, चढावर दम कमी लागू लागला. डॉक्टरबाईंनी रक्त पुन्हा मोजलं, वाढलं होतं. ते मलेरियाच्या गोळ्यांनी वाढलं की लोहाच्या, हे सांगता येत नव्हतं, कारण दोन्ही दिल्या होत्या.

काकांनी मात्र डॉक्टरबाईंना एक विनंती करून ठेवली होती. बाळंतपण झालं की वारेतलं थोडं रक्त काचेवर मिळावं. जंतू मेला तरी वारेत त्याचे काळे कण राहतात, असं बाईच म्हणाल्या होत्या. आता कुणाचंही काही अडलेलं नव्हतं, पण काकांना मागची खोली एकदा बघायची होती.

बाळंतपण केंद्रातच झालं, भर सकाळी. मुलगी झाली. वजन थोडं कमी भरलं, पण आवाज असा, की औषधं वाटणारा खिडकीतून वाकून बघायला लागला. नर्सबाईंनी बाकी सगळं उरकल्यावर एक काच आणून काकांच्या हातात दिली. "घ्या तुमची मागची खोली." काकांनी रक्त व्यवस्थित पसरलं, जाड ठिपका, पातळ थर, आणि काच सुकायला खिडकीपाशी ठेवली. इतक्यात दारातून काकूचा आवाज आला. "नात बघायला येताय, की ती पण काचेवर आणून देऊ?"

काका गेले.

ठमी थकून उशीला टेकलेली, घामाने केस चिकटलेले. तिने गुंडाळलेलं गाठोडं त्यांच्या हातात दिलं. काकांनी ते कसं धरावं ते विसरल्यासारखं धरलं. डोक्यावर ठमीने विणलेलं टोपडं होतं, एका कानावर उतरलेलं. मुलीने डोळे किलकिले केले, जांभई दिली आणि त्यांचं जांभळं बोट मुठीत पकडलं. मग काका कुठे जाणार? काकूने दोनदा मागितली, दिली नाही. डॉक्टरबाई येऊन बघून गेल्या. नर्सबाई येऊन गेल्या. ऊन भिंतीवरून फरशीवर उतरलं.

परत टेबलाशी आले तेव्हा काच लख्ख होती. जाड ठिपका नाही, पातळ थर नाही. कडेला दोन माश्या पाय चोळत बसल्या होत्या, आणि एक अजून शेवटचं चाटत होती. न रंगवलेलं रक्त उघडं ठेवलं की माश्या ते चाटूनपुसून खातात, म्हणून काचेवर झाकण घालायचं, हा या कामातला पहिला धडा. नव्या माणसाला काका तो सगळ्यांत आधी शिकवायचे, आणि चुकला तर दिवसभर टोमणे मारायचे.

त्यांनी नर्सबाईंना विचारलं. वार केव्हाच पुरायला गेली होती.

ते काच हातात घेऊन ठमीच्या खोलीत आले. तिने एका नजरेत ओळखलं.

"खाल्ली?"

"खाल्ली."

"सगळी?"

"थेंब नाही ठेवला. निगुतीने जेवल्या."

ठमी हसायला लागली आणि पोट धरून कण्हली. "हसवू नका, दुखतंय. बाबा, तुमची काच. तुमची स्वतःची."

"आता कळायचं नाही," काका म्हणाले. "चूल होती की नुसता धूर, कधीच कळायचं नाही." म्हणताना त्यांना वाटलं होतं की वाईट वाटेल. तसं काही वाटलं नाही. रिकामी काच त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकली आणि बाकावर बसले.

"मग आपल्यात जिंकलं कोण?" ठमीने विचारलं.

"माश्या जिंकल्या," काकू म्हणाली. "त्या तरी पोटभर जेवल्या. तुम्ही दोघं सकाळपासून उपाशी आहात."

बाळाने तोंड वेडंवाकडं केलं आणि रडायचा सूर लावला. ठमीने तिला जवळ ओढलं, कपाळाला हात लावून बघितला, मग उलट्या हाताने पुन्हा बघितला. "हिला कधी ताप आला तर आधी काय करायचं, बाबा? काच की किट?"

"दोन्ही," काका म्हणाले. "आणि डॉक्टरबाईंना पण बोलवायचं."

"पण आधी?"

"आधी तिला पाजायला घे. भूक लागलीय पोरीला." आणि ते खिडकीकडे तोंड करून बसले.